गुऱ्हाळातला भाजलेला हात आणि विसरलेला पाय

डिसेंबरातली पहाट, पाचच्या पुढची वेळ. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात भोगावती नदीच्या बाजूला असलेलं एक गुऱ्हाळ. दुसरं आदण, म्हणजे रसाची दुसरी खेप, उतरायला आलं होतं. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरानं, वाटीतल्या गार पाण्यात पाक टाकून गोळी बघितली आणि ‘ओढा’ म्हणाला. चौघांनी काहील (रस उकळायची मोठी कढई) चुलवाणावरून, म्हणजे भट्टीवरून, वाफ्याकडं (गूळ गार करायच्या जागेकडं) ओढली. वाफ्याच्या कडेला मळी (रसावरून काढलेला फेस) आणि पाणी सांडून निसरडं झालं होतं. उजवीकडच्या गड्याचा पाय सरकला, काहील त्याच्या अंगाला कलंडली आणि दोन-तीन तांब्यांएवढा पाक उसळून बाहेर आला. तो त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत पडला, मग मांडीवर, आणि मांडीवरून ओघळून खाली पावलावर.

गडी पस्तिशीचा, अंगानं धट्टाकट्टा. अंगात बनियन आणि अर्धी चड्डी, पायांत रबरी चप्पल, उजव्या मनगटात स्टीलचं कडं, बोटात चांदीची अंगठी. गावाचं आणि माणसांचं नाव इथं देत नाही, ओळखू येतील असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. कडं, अंगठी आणि चप्पल मात्र मुद्दाम सांगितली, कारण पुढं तीच महत्त्वाची ठरली.

पाकाची आच पाण्यापेक्षा वेगळी असते. पाणी १०० अंशाला उकळतं. गूळ उतरवायच्या वेळी पाक ११५ ते ११८ अंशांपर्यंत गेलेला असतो. पण खरा फरक चिकटपणाचा. उकळतं पाणी अंगावर पडलं की बरंचसं ओघळून जातं. पाक बसतो तिथंच बसतो आणि आपली सगळी उष्णता सावकाश कातडीत सोडत राहतो. ७० अंशांचं पाणीसुद्धा सेकंदभरात खोल भाजू शकतं, हे लक्षात घेतलं की त्या हातावर काय चाललं होतं याची कल्पना येईल.

पहिली पाच मिनिटं

गडी ओरडत, हात झटकत बाहेर पळाला. झटकल्यानं पाक निघत नाही, फक्त पसरतो. गुळव्या साठीच्या पुढचा. त्यानं धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि हात सरळ दाराजवळच्या पाण्याच्या बॅरलमध्ये घातला, कोपराच्या वरपर्यंत. दुसऱ्यानं मगानं मांडीवर पाणी मारलं. हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं असावं. या पूर्ण प्रकरणात सगळ्यात मोलाचं काम कुणी केलं असेल तर ते या म्हाताऱ्यानं, आणि तेही कुठल्या शिबिराला न बसता. रोज शंभरदा गोळी बघणाऱ्या माणसाला पाकाचं आणि पाण्याचं नातं वेगळं शिकवावं लागत नाही.

मात्र त्याच गोळीत एक मेखही आहे. गरम पाक गार पाण्यात पडला की वरचा थर लगेच घट्ट होतो आणि आतला बराच वेळ गरम राहतो. हातावरही तेच होतं. एक बादली ओतली की पाक कडक होऊन पापुद्र्यासारखा दिसतो, बघणाऱ्याला वाटतं गार झालं. त्या पापुद्र्याखाली भाजणं चालूच असतं. म्हणून पाक अंगावर पडला तर एकदाच पाणी ओतून भागत नाही; पाणी वाहतं ठेवावं लागतं. डांबरापेक्षा पाकाचं एक बरं आहे, तो पाण्यात विरघळतो. वाहतं पाणी त्याला गारही करतं आणि धुऊनही काढतं, त्यामुळं नखानं खरवडायची, कातडीसकट ओढून काढायची गरज उरत नाही.

दोनेक मिनिटं झाली असतील तोवर मालकाच्या भावानं पिकअप दाराशी लावली. एकानं टूथपेस्ट आणली. दुसऱ्यानं चुना कालवायला घेतला. रस साफ करायला गुऱ्हाळात चुना असतोच, आणि फेस दाबायला एरंडेलही. म्हणजे भाजल्यावर लावू नयेत अशा निम्म्या वस्तू हाताशीच होत्या.

“आरं बसवा त्याला गाडीत! अर्ध्या तासात सीपीआर गाठतो.” सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय.

हात बॅरलमधून बाहेर आला आणि दोघं त्याला धरून गाडीकडं नेऊ लागले.

आवाज ऐकून शेजारच्या घरातून मालकाची पुतणी धावत आली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आली होती. तिनं गाडीचं दार लावून टाकलं.

“काका, गाडी हाय तिथंच असू द्या. मोटरीचा पाइप आणा आधी.”

“अगं पोरी, कातडं सोलून निघालंय आनि तू पानी काय मारतीस? पान्यानं फोड येत्यात.”

“फोड यायचे ते येनारच हाईत. आत भाजायचं थांबलं पायजे. तुमी एकशे आठला फोन लावा.”

पाण्यानं फोड येतात ही समजूत आपल्याकडं घट्ट बसलेली आहे. ती कुठून आली असावी ते समजतं. भाजल्यावर तासा-दोन तासांत फोड येतातच, आणि त्याआधी पाणी लावलेलं असतं, म्हणून दोष पाण्यावर जातो. खरं तर कातडीचा वरचा थर जळाला की त्याखाली द्रव साठतो, तोच फोड. पाणी घातलं नाही तर फोड टळत नाही. जखम आणखी आत जाते, एवढाच फरक.

चुन्याचंही थोडं सांगायला हवं, कारण त्या दिवशी तोच सगळ्यांत जास्त आग्रहानं पुढं केला जात होता. चुन्याची निवळी आणि तेल घोटून भाजल्यावर लावायचं, हा उपाय आपल्या आज्यांचाच होता असं नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले डॉक्टरही तसलं मिश्रण लावत. पुढं ते सोडून दिलं गेलं. तेलानं उष्णता आत कोंडते, चुना स्वतःच कातडी खातो, आणि दवाखान्यात गेल्यावर जखम किती खोल आहे हे बघण्यासाठी तो सगळा लेप खरडून काढावा लागतो. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांचंही तेच. बर्फ नको, हे मात्र फार जणांना पटत नाही. बर्फानं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच अर्धमेल्या झालेल्या कातडीला मिळणारं रक्त आणखी कमी होतं. नळाचं, विहिरीचं, बोअरचं साधं पाणी पुरतं.

पाइपाखालची वीस मिनिटं

वीज होती म्हणून पाइप चालला. शेतीची लाइन त्या वेळी गेली असती तर बॅरलमधलं पाणी मगानं सतत ओतत राहावं लागलं असतं, तेही चाललं असतं. मुलीनं पाइपाचं तोंड थेट जखमेवर धरू दिलं नाही. जखमेच्या जरा वर, दंडावर धरून पाणी हातभर वाहू दिलं. जोराच्या धारेनं सुटलेली कातडी फाटते.

मग तिनं कडं काढायला घेतलं. ते बऱ्यापैकी सैल होतं, निघालं. अंगठी निघेना. बोट आत्ताच जाड दिसायला लागलं होतं. कपडे धुवायच्या साबणाचा फेस करून, बोट वर धरून, वळवत वळवत ती काढली. गडी ‘ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे’ म्हणत होता, लग्नातली अंगठी. आणखी तासाभरानं ती निघाली नसती. दवाखान्यात कापावी लागली असती, आणि कापेपर्यंत बोटाच्या टोकाला रक्त पोचलं असतं की नाही कोण जाणे. भाजलेला भाग सुजणारच, म्हणून अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ, मनगटातला दोरा हे सगळं सूज येण्याआधीच काढून घ्यायचं असतं.

चड्डी मांडीला चिकटली होती. पाकानं भिजलेलं कापड म्हणजे गरम पोटीसच, ते अंगावर ठेवायचं नसतं. पण कातडीला चिकटलेलं कापड उपटायचंही नसतं. इथं दहाएक मिनिटं पाणी चालल्यावर पाक विरघळला आणि कापड आपोआप मोकळं झालं. कात्रीनं बाजूनं कापून ते काढलं.

आणि तेव्हा कुणाचं तरी लक्ष पावलाकडं गेलं.

इतका वेळ सगळे हाताकडं बघत होते. ओरडणं हातासाठी, फुंकर हातावर, पाणी हातावर. मांडीवरून ओघळलेला पाक पावलावर उतरून चपलेच्या पट्ट्याखाली शिरला होता आणि तिथंच साचून बसला होता. गडी चिखलात उभा होता, त्यामुळं काही दिसलंही नाही. मुलीनं पायाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पायाला काय न्हाई, दुखत बी न्हाई.”

हे वाक्य भाजलेल्या माणसाच्या तोंडून आलं तर कान टवकारावेत. वरवर भाजलं की आग होते, जखम लालभडक आणि ओलसर दिसते, बोट लावू देत नाही. खोल भाजलं की तिथले मज्जातंतूच जळतात; जागा पांढरट, कोरडी, चामड्यासारखी होते आणि दुखत नाही. चप्पल काढली तेव्हा पट्ट्याच्या आकाराचा इंग्रजी ‘व्ही’सारखा पांढरट डाग पावलावर उमटलेला होता. मग पाइप तिकडंही धरला. म्हणजे हाताला अर्ध्या मिनिटात पाणी मिळालं, पावलाला जवळपास पंधरा मिनिटांनी.

एवढं उशिरा पाणी घालून काही उपयोग असतो का, असं मला गुऱ्हाळांवरच्या प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात हमखास विचारतात. असतो. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत वाहत्या पाण्याचा फायदा मिळतो असं मानतात. म्हणजे वाटेत कुणी काहीच केलं नसेल, तर दवाखान्यात पोचल्यावरही आधी २० मिनिटं पाणी. पण जितकं लवकर तितकं चांगलं, हे आहेच.

थंडीची पहाट होती, ओल्या अंगानं गडी कुडकुडायला लागला. त्याच्या पाठीवर आणि डोक्यावरून घोंगडं घातलं, भाजलेला भाग तेवढा पाण्यात. मोठ्या माणसाचं शरीर एवढं सोसतं. लहान मूल असेल किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर गारठ्याकडं फार लक्ष द्यावं लागतं, अंग गार पडायला लागलं तर पाणी आवरतं घ्यावं लागतं.

गाडी का थांबवायची

प्रसंगानंतर मी तिथल्या लोकांशी बसून बोललो तेव्हा मालकाच्या भावाचा राग गेलेला नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: गाडी दारात होती, रस्ता मोकळा होता, थांबायचं कशाला? शिवाय एक गोष्ट तो बोलला नाही, पण ती असतेच. नंतर पाहुणेरावळे ‘लवकर का न्हेला न्हाई’ असंच विचारतात. ‘पाणी किती वेळ घातलं’ असं कुणी विचारत नाही. पळापळ करणारा माणूस काहीतरी करताना दिसतो, पाइप धरून उभा असलेला नुसता उभा दिसतो.

पण हिशेब मांडून बघा. पिकअपमध्ये बसला की पाणी बंद. पुढची अर्धा-पाऊण तासाची वाट, ऊसाच्या ट्रॉल्यांमागून. त्या वेळेत पाक हातावर तसाच, पापुद्र्याखाली उष्णता तशीच, कडं आणि अंगठी बोटा-मनगटात रुतलेली. दवाखान्यातला कुठलाही डॉक्टर गेलेली अर्धी-पाऊण तासाची वेळ परत आणू शकत नाही. उलट १०८ ला फोन लावून पाण्याखाली थांबलं तर वीस मिनिटं फुकट जात नाहीत. रुग्णवाहिका यायला तेवढा वेळ लागतोच. इथं ती अर्ध्या तासाच्या आत आली.

काही प्रसंगी मात्र थांबायचं नाही. श्वास घ्यायला त्रास होतोय, आवाज बसलाय, नाकातले केस किंवा भुवया जळल्यात, चेहरा-गळा भाजलाय, माणूस बेशुद्ध पडतोय, विजेनं भाजलंय, असं असेल तर पाणी चालता चालता घाला, पण निघा. चुलवाणाच्या धुरात सापडलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसला तरी याच यादीत धरावा. इथं यातलं काही नव्हतं, म्हणून थांबणं बरोबर होतं.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फोन फुकट लागतो. त्यांना गुऱ्हाळाचा पत्ता सांगताना सगळ्यांची त्रेधा उडाली. गुऱ्हाळाला पत्ता कुठला असतो? ‘अमक्याच्या मळ्यात’ हे गावाला कळतं, रुग्णवाहिकेच्या चालकाला नाही. शेवटी मुख्य रस्त्यावरचा फाटा आणि दूध संस्थेची इमारत सांगितली, आणि एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं केलं. ही साधी युक्ती सुचली नसती तर गाडी पाणंदीत फिरत राहिली असती.

झाकणं आणि नेणं

पाणी बंद केल्यावर जखम झाकायची. कापूस नको, तंतू चिकटतात. गुळाच्या बादल्यांत घालायचं पांढरं कापड पुढं आलं, पण ते वापरलेलं, गुळानं माखलेलं. शेवटी गुळाच्या रव्यांना (ढेपांना) लावायच्या प्लास्टिकच्या नव्या रोलमधले बाहेरचे दोन वेढे टाकून आतलं प्लास्टिक घेतलं, आणि हातावर, मांडीवर, पावलावर नुसतं अंथरलं, गुंडाळलं नाही. सूज येणाऱ्या हाताला गोल आवळलेलं काहीही पुढं फासासारखं बसतं. प्लास्टिकचा फायदा असा की ते चिकटत नाही, हवा लागून होणारी आग कमी होते, आणि डॉक्टरला जखम आरपार दिसते. बोटांच्या मधे प्लास्टिकच्या पट्ट्या घालून ती वेगवेगळी ठेवली, हात उशीवर उंच ठेवला. एकही फोड फोडला नाही.

भाजलेला भाग किती हे मोजायची सोपी रीत आहे: ज्याचं अंग भाजलं त्याचाच तळहात, बोटांसकट, म्हणजे अंदाजे १ टक्का. हात तीन तळहात, मांडी चार, नडगीवरचा ओघळ आणि पाऊल मिळून दोन. एकूण ९ टक्क्यांच्या आसपास. नुसती लाली यात धरत नाहीत.

एवढ्यावर सलाइनचा मोठा हिशेब करावा लागत नाही. पण तोच गडी काहिलीत कंबरेपर्यंत गेला असता तर? मग पार्कलंडचं सूत्र येतं: ४ मिलि गुणिले वजन गुणिले टक्के. ६० किलोचा माणूस २५ टक्के भाजला तर पहिल्या २४ तासांत ६ लिटर, आणि त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे, भाजल्यापासून मोजतात. म्हणून वेळ लिहून ठेवणं हे काम वाटतं तितकं किरकोळ नाही. मुलीनं गुऱ्हाळाच्या वहीतलं एक पान फाडून ‘५.१० भाजले, ५.१५ ते ५.३५ पाणी, पाय ५.२५ पासून’ एवढं लिहून गड्याच्या भावाच्या खिशात घातलं होतं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच दोन प्रश्न विचारले: कधी भाजलं, आणि पाणी किती वेळ घातलं.

तिथं वेदनाशामक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सीपीआरला पाठवलं. टक्के कमी असूनही का? कारण हात आणि पाऊल. चेहरा, हात, पाय, गुप्तांग, मोठे सांधे आणि हातापायाला सभोवार भाजलेलं असेल तर टक्के न बघता मोठ्या ठिकाणी न्यायचं असतं. बोटं आखडली तर माणूस आयुष्यभर अडतो. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत घेऊन गेलं की धावपळ वाचते.

पुढं काय झालं

हात अडीच-तीन आठवड्यांत भरून आला. रंग काही महिने वेगळा दिसला, बोटांचा व्यायाम दुखत दुखत करावा लागला, पण मूठ पूर्ण मिटते. मांडीही तशीच बरी झाली. पावलावर चपलेच्या पट्ट्याखालची जागा मात्र भरेना. दुसऱ्या मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागली. हंगामातला पुढचा सगळा रोज बुडाला.

एकाच माणसावर, एकाच काहिलीतला, एकाच क्षणी पडलेला पाक. हाताला लगेच पाणी, पावलाला उशिरा. यावरून पाण्यानंच सगळा फरक पडला असं छातीठोक म्हणता येणार नाही. पट्ट्याखाली पाक जास्त जाड साचला होता, रबरानं उष्णताही धरून ठेवली होती. पण मी हे प्रकरण प्रशिक्षणात सांगतो तेव्हा लोक हाताबद्दल काही विचारत नाहीत, पावलाबद्दलच विचारतात. त्यानंतर सरावात मी एक गोष्ट वाढवली: पाणी सुरू झालं की एकानं, पाइप न धरणाऱ्यानं, डोक्यापासून तळव्यापर्यंत माणूस बघायचा, चप्पल काढून. दुखणारी जागा माणूस स्वतःच दाखवतो. न दुखणारी कुणीतरी शोधावी लागते.

गुऱ्हाळात आता वाफ्याजवळ कायमचा नळ आणि पाइप बसवायचं ठरलं. त्यावर गुळव्यानं मोडता घातला, आणि त्याचं म्हणणं रास्त होतं: वाफ्यापाशी आणखी पाणी सांडलं की आणखी निसरडं होणार, आणि पाय सरकला तो पाण्यानंच. तो काही केल्या ऐकेना. शेवटी नळ आत न घेता दाराबाहेर, नाली आहे तिकडं बसवला. पाइप एवढा लांब की चुलवाणापर्यंत पोचेल. फाट्याची खूण आणि १०८ दारावर ऑइल पेंटनं लिहिलं. चपलांचं अजून ठरलेलं नाही; बूट घातले तर पाक आत शिरून काढता येणार नाही, असं निम्मे गडी म्हणतात.